वावरातला मुक्काम: लेकरांना कंटाळा येऊ नये म्हणून काय काय करावं

वावरात तंबू टाकून एक-दोन रात्री काढायच्या म्हटलं की मोठ्यांची यादी भराभर तयार होते. सतरंज्या, ब्लँकेट, बॅटऱ्या, पीठ-मीठ, पाण्याच्या कॅन. लेकरांसाठी मात्र "खेळायला काहीतरी घेऊ" एवढीच एक ओळ असते. मग रॅकेटी, पत्ते, बॉल असं सगळं गाडीत कोंबलं जातं आणि पोचून तासभर होत नाही तोच "आता काय करू?" सुरू होतं. तंबू ठोकणं, चूल मांडणं, जाळ पेटवणं, पाणी आणणं यातच मुक्कामाची खरी गंमत असते. ते सगळं मोठी माणसं करतात आणि पोरांच्या वाट्याला फक्त "सरक तिकडं, भाजशील" येतं. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: लेकरांना पाहुणे म्हणून नेऊ नका, मुक्कामातली कामं त्यांच्या हाती द्या. खेळ लागतातच, पण कामानंतर.

जागा आणि महिना

विदर्भात डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हाच खरा मोसम. सोयाबीन निघून गेलेलं असतं, तूर कापणीला येते, कापसाची वेचणी चालू असते, हरभरा घाट्यांवर येतो आणि संत्र्याच्या बागेत फळ असतं. मार्चनंतर ऊन लेकरांना सोसत नाही. पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग गवत, चिखल, साप सगळंच वाढलेलं असतं, तेव्हा नकोच. थंडीचा मात्र अंदाज घ्या. नागपूर-गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो, आणि वावरात तो गावापेक्षा जास्त बोचतो. प्रत्येक लेकरामागे एक जादा स्वेटर, कानटोपी आणि दोन जोडी मोजे घ्याच. रात्री कुडकुडलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी कशातच रमत नाही.

जागा म्हणून मामाचं, आत्याचं, ओळखीच्या कास्तकाराचं वावर सगळ्यात चांगलं. जंगलच हवं असेल तर मेळघाटात सेमाडोह-कोलकास किंवा पेंचला सिल्लारी इथे वनखात्याची राहण्याची सोय आहे. व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथे तंबू टाकता येत नाही, शेकोटी पेटवता येत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या पट्ट्यात जंगलालगतच्या वावरात लेकरांना घेऊन रात्र काढू नका. दिवसभर वावरात राहा आणि झोपायला गावात घरी या. वाघ-बिबट्याच्या वाटेवर हौस करू नये.

निघायच्या आधी

वावराच्या मालकाला किंवा सालदाराला चार गोष्टी विचारून ठेवा. विहिरीला कठडा आहे का? शेततळं आहे का? रानडुकरांसाठी धुऱ्यावर (बांधावर) झटका मशीन किंवा करंटची तार लावली आहे का? फवारणीचे डबे कुठे ठेवतात? शेततळ्याचं प्लास्टिक ओलं झालं की इतकं निसरडं होतं की पोहता येणाऱ्या माणसालाही काठावर चढता येत नाही. आणि कीटकनाशकाचा रिकामा डबा पोरांच्या हाती लागला की पहिल्यांदा त्यात पाणीच भरलं जातं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ते विष साधं नाही, हे दहा वर्षांच्या पोराला सरळ शब्दांत सांगावं. जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि मोबाईलला रेंज नेमकी कुठे येते, हेही विचारा. 108 नंबर मोठ्या पोरांना पाठ असू द्या.

सामानात लेकरांसाठी म्हणून एवढंच घ्या: प्रत्येकी एक शिट्टी, प्रत्येकी एक बॅटरी (स्वतःची, कुणाशी वाटून घ्यायची नाही), जुन्या लुगड्याच्या चिंध्या, सुतळी, खडू, मूठभर चिंचोके, पीठ चाळायची जुनी चाळणी, किलोभर प्लास्टर ऑफ पॅरिस, एक वही-पेन्सिल आणि दोरीचा एक लांब तुकडा. बॉल घ्यायचा तर एकच घ्या.

पोचल्यावरचा पहिला तास

दुपारी तीनच्या आत पोचा. डिसेंबर-जानेवारीत साडेपाच-सहाला सूर्य मावळतो आणि अंधारात तंबू ठोकायची वेळ आली की मोठे वैतागतात, पोरं रडकुंडीला येतात.

गाडीतून उतरल्यावर सामान काढू नका. आधी सगळ्या लेकरांना घेऊन हद्द आखा. लुगड्याच्या चिंध्या पोरांच्याच हातात द्या आणि त्यांनाच झाडांना, तुरीच्या धाटांना, कुंपणाच्या खांबांना बांधू द्या. चिंधी जिथे बांधली तिथे हद्द संपली. विहीर, तळं, तार आणि कोठ्यातली ढोरं हद्दीच्या बाहेर राहतील अशी वाट काढा. पोरांनी स्वतःच्या हाताने गाठ मारलेली हद्द ती सहसा ओलांडत नाहीत. मोठ्यांनी दहा वेळा ओरडून सांगितलेली मात्र ओलांडतात. त्यानंतर शिट्टीचा नियम सांगा: एकदा वाजवली की "मी इथे आहे", तीनदा वाजवली की "लवकर या". गंमत म्हणून तीनदा वाजवायची नाही. सहाच्या खालच्या लेकराला मोठ्याची जोडी लावून द्या.

मग कामं वाटा. वय पाहून वाटा, पण खोटं काम देऊ नका. लेकरांना ते लगेच कळतं. चार-पाच वर्षांचं पोर तंबूच्या खुंट्या मोजून हातात देऊ शकतं, जागेवरचे खडे वेचू शकतं. सात-आठ वर्षांच्यांना तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) मोडून तीन ढीग लावायला सांगा: काडीएवढ्या बारीक, बोटाएवढ्या आणि त्याहून जाड. बारा-तेराच्या पोरापोरींना तंबूच उभारू द्या. वाकडा झाला तर वाऱ्याने सैल पडेल, तेव्हा तीच पुन्हा ताणतील. तुम्ही शेवटी फक्त खुंट्या तपासा. तंबू शिवलेल्या तळाचा आणि चेन लागणारा असावा, आणि चेन दिवसाही लावलेली असावी. मण्यार रात्री निघते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. तंबू नसेल तर बाजेवर मच्छरदाणी खोचून झोपा.

जाळ आणि जेवण

संध्याकाळची वेळ सगळ्यात अवघड. पोरं दमलेली असतात, भुकेजलेली असतात, अंधार पडत असतो. अशा वेळी त्यांना जाळाजवळ गुंतवावं. आधी अर्धवर्तुळात दगड लावा. त्या दगडांच्या आत फक्त त्या घडीला ज्याची पाळी आहे तोच. नायलॉनचे कपडे काढून सुती घाला, ओढण्या बांधून टाका, बाजूला पाण्याची बादली भरून ठेवा. पेटवण्यासाठी प्रत्येकाला तीन काड्या द्या. विझल्या की पुढच्याची पाळी. बारीक काड्यांच्या ढिगाची किंमत पोरांना तेव्हा आपसूक कळते.

भरीत हा लेकरांच्या हातचा सगळ्यात चांगला पदार्थ. भरताची मोठी वांगी घ्या, पोरांना तेल चोळू द्या आणि सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचून घ्या. न टोचलेलं वांगं जाळावर फुटतं आणि गरम गर उडतो. तुराट्यांचा जाळ झपकन भडकतो आणि झपकन बसतो, म्हणून कवळाभर तुराट्या हाताशी हव्यात, आणि वांगं चिमट्याने सारखं फिरवायला मोठं माणूस हवं. साल काळी पडून सुरकुतली, देठाजवळून रस गळू लागला की वांगं काढून पाचेक मिनिटं गंजात (पातेल्यात) झाकून ठेवा. आता पोरांची पाळी. बोटं पाण्यात बुडवायची आणि साल ओढायची. ती सुटून येते, खाली धुराच्या वासाचा पांढरट गर निघतो, आणि अर्धी पोरं तिथेच चाटायला लागतात. त्यांना अडवू नका. उरलेलं ठेचून कांद्याची पात, मिरची, सांभार (कोथिंबीर), दाणे घाला. लहान लेकरांचं मिरची घालायच्या आधी बाजूला काढा. घरी वांग्याकडे न पाहणारं पोरगं इथे भाकरीबरोबर दुसऱ्यांदा मागतं.

जानेवारीच्या पुढे गेलात तर हुळा कराच. घाट्यांसकट हरभऱ्याची झाडं उपटायची (मालकाला विचारून, आणि अलीकडे फवारणी झाली नाही ना हेही विचारून), वाळल्या पाल्याच्या जाळावर टाकायची, वरची टरफलं काळी झाली की जाळ विझवून राखेतून वेचून खायचं. हे काम तासभर चालतं. तोंड-हात काळे होतात, आणि तेवढा वेळ कुणी काही मागत नाही. मोठ्यांना तेव्हा निवांत रोडगे भाजून घेता येतात.

रात्र

जेवणानंतर सगळ्या बॅटऱ्या पंधरा मिनिटं बंद. डोळ्यांना अंधार सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि शहरातल्या पोरांनी खरा अंधार पाहिलेलाच नसतो. पहिली दोन मिनिटं हसू-खिदळू देत. मग एकेक तारा वाढत जातो.

जानेवारीत आठच्या सुमारास मृग नक्षत्र पूर्व-आग्नेयेला चांगलं वर आलेलं असतं. त्याच्या पोटातले ओळीतले तीन तारे, म्हणजे तिकांडं, लहान लेकरालाही सापडतं. त्या तिघांची रेघ खाली वाढवली की व्याधाचा लखलखीत तारा. वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकांमध्ये किती तारे दिसतात ते प्रत्येकाने मनात मोजायचं आणि मग सांगायचं. सहसा सहा-सात होतात, आणि कुणाला किती यावरून बराच वेळ भांडण रंगतं. ध्रुव शोधायला हात पुरतो. ताणलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण दहा अंश व्यापते, आणि विदर्भ आहे 21 अंश अक्षांशाच्या आसपास. म्हणून उत्तरेला क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली की दुसऱ्या मुठीच्या जरा वर ध्रुव. पोराची मूठ लहान असली तरी हातही तेवढाच आखूड असतो, त्यामुळे माप जुळतं.

सप्तर्षींना गावाकडे म्हातारीची बाज म्हणतात. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, मागचे तीन म्हणजे बाज पळवायला आलेले चोर. आजी-आबाजी सोबत असतील तर ही गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकवा. जानेवारीच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास बाज ईशान्येला वर चढते आणि चोर एकामागोमाग एक मागून येतात, शेवटचा अकराच्याही पुढे. मोठी पोरं त्या शेवटच्या चोरासाठी जागी राहतात. लहान झोपली असतील तर पहाटे पाचला उठवून दाखवा, तेव्हा सगळी टोळी उत्तरेला उंच आलेली असते. पेंचला गेलात तर आकाश आणखी गडद मिळेल. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे.

भुताच्या गोष्टी सांगायच्या की नाही? आठच्या खालचं पोर असेल तर सांगू नका. रात्री लघवीला उठताना त्याचा जीव जातो आणि मग सगळ्यांचीच झोप मोडते. लघवीला कुणीही एकट्याने जायचं नाही. मोठं माणूस आणि बॅटरी सोबत हवी, पायात बूट हवेत, आणि बूट घालायच्या आधी झटकायचे. हा नियम मोठ्यांनीही पाळायचा.

रात्रीच मांडायचा पहाटेचा खेळ

मला सगळ्यात आवडणारा उद्योग हा. संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, पांदणीवर किंवा पाण्याच्या टाक्याकडे जाणाऱ्या वाटेवर हातभर रुंद आणि चार-पाच हात लांब पट्टा निवडा. घमेल्याने मऊ माती आणा, पोरांना चाळणीने चाळून बोटाच्या पेराएवढा थर द्यायला लावा आणि फळीने सपाट करा. एका पोराने स्वतःचं बोट हलकेच टेकवून पाहायचं. रेषा उमटल्या तर थर जमला.

पहाटे शेळ्या निघायच्या आत सगळे तिथे. दोन खुरांचे ठसे आणि मागे दोन बारीक टोचण्या दिसल्या तर बहुधा रानडुक्कर. मागच्या पायांचे लांबट ठसे पुढच्यांच्याही पुढे पडलेले असतील तर ससा, कारण तो उडी मारताना मागचे पाय पुढे टाकतो. तीन लांब बोटं पुढे असतील तर मोर किंवा लांडोर. गोल पंज्याला नखांच्या खुणा असतील तर कुत्रा-कोल्हा, नसतील तर मांजराच्या कुळातलं कुणी, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. वहीत काढा, टाचेपासून बोटापर्यंत मोजा. तळहाताएवढा मोठा, नखं नसलेला पंजा दिसला तर खेळ तिथेच थांबवा, मालकाला सांगा आणि त्या रात्री गावात झोपा.

चांगल्या ठशाचा साचा घेता येतो. पुठ्ठ्याची पट्टी गोल करून ठशाभोवती रोवा, दोन भाग प्लास्टरला एक भाग पाणी घेऊन गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा आणि कडेने हळूच ओता. अर्धा तास हात लावू नका. कालवायचं काम काडीने करायचं, हाताने नाही, कारण प्लास्टर घट्ट होताना तापतं. उचलल्यावर माती लगेच धुवायला जाऊ नका. दोन दिवस सुकू द्या, मग जुन्या ब्रशने झाडा.

लांबलचक दुपार

बारा ते तीन ही मेलेली वेळ. उन्हात पळवू नका, आंब्याच्या किंवा निंबाच्या सावलीत बसवा.

इथे चिंचोके बाहेर काढा. खरबरीत दगडावर एक बाजू घासत राहिलं की तपकिरी साल जाऊन पांढरं पोट दिसतं. चार चिंचोके घासायला चांगला वेळ जातो आणि लहान लेकरं त्यात गढून जातात. मग खडूने फरशीवर किंवा काडीने मातीत पाच बाय पाचची पंचवीस घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधल्या घरात फुली मारा. झाला चंगाअष्टा तयार. चारही चिंचोके पांढरे पडले तर चंग, म्हणजे चार. चारही तपकिरी पडले तर अष्टा, म्हणजे आठ. दोन्हीवर पुन्हा टाकायला मिळतं. बाहेरची घरं एका दिशेने, आतली उलट दिशेने, शेवटी मधलं घर. फुलीत सोंगटी मरत नाही. सोंगट्या म्हणून एकाला खडे, दुसऱ्याला तुराटीचे तुकडे, तिसऱ्याला बोरांच्या बिया. आजी असेल तर तिला बोलवाच. तिचे घरचे नियम वेगळे निघतील, तेच लावा.

कोठ्याच्या वळचणीला, जिथे पाऊस पडत नाही आणि माती पिठासारखी मऊ असते, तिथे बारीक निमुळते खड्डे शोधा. तळाशी मुंग्या खाणारा एक किडा दडलेला असतो. पालथं पडून, श्वास रोखून पाहायचं. मुंगी काठावरून घसरली की खालून मातीचे कण उडू लागतात. तो किडा डोक्याने माती फेकून तिला खाली पाडत असतो. चमच्याने खड्ड्याखालची माती अलगद उचलून तळहातावर पसरली की तो सापडतो, आणि तो चालतो मागे मागे. पाहून झालं की परत मातीत सोडायचा. दुपारचा अर्धा तास इथे सहज जातो.

थोडी मोठी पोरं असतील तर तारेवर बसलेला वेडा राघू निवडा. तो उडतो, हवेत किडा पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच तारेवर परत येऊन किडा आपटतो. दहा मिनिटांत किती फेऱ्या, त्यातल्या किती यशस्वी, हे वहीत मांडायला लावा.

ऊन उतरलं की पळापळीचे खेळ: लगोरी, नदी-पहाड, विटी-दांडू. विटी-दांडू मोकळ्या वावरातच, बाकीच्यांना विटीच्या समोर उभं राहू देऊ नका. रेसटीप वावरात खेळू नका. लपायला पोरं नेमकी कडब्याच्या गंजीत आणि तुरीत शिरतात.

झाडपाल्याशी खेळताना काही झाडं आधी ओळखवून द्या. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल रंग येतो, त्याने कागदावर चित्रं काढा. पण बिब्याचा चीक लागला की कातडी भाजते, फोड येतात. खाजकुहिलीच्या शेंगा मखमली दिसतात आणि हाताला लागल्या की पोर वेडंपिसं होतं. तेव्हा चोळायचं नाही, चिकटपट्टीने कुसं उचलायची आणि मग धुवायचं. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया, धोतरा आणि गुंजा तोंडात जाता कामा नयेत. गुंजा लालचुटुक असतात म्हणून पोरं वेचतातच. खिसे तपासा.

मोबाईलचं काय

मोठ्या पोरांकडून तो हिसकावून घेतलात तर पहिला दिवस रुसव्यात जातो. त्यापेक्षा त्याला काम द्या: ठशांचे फोटो, पक्ष्यांचे आवाज टिपणं, आबाजींची गोष्ट रेकॉर्ड करणं. वावरात चार्जिंग नसतंच, आणि एक फोन 108 साठी भरलेला ठेवायचा आहे, हे खरं कारण सांगितलं की पोरं ऐकतात.

निघताना

आवराआवर पुन्हा वाटून द्या. ज्याने खुंट्या मोजून दिल्या त्यानेच त्या मोजून परत घ्यायच्या. आग पाण्याने विझवायची, राख ढवळायची, पुन्हा पाणी घालायचं आणि हाताची पालथी बाजू वर धरून ऊब लागत नाही ना हे मोठ्या माणसाने पाहायचं. चिंध्या ज्याने बांधल्या त्याने सोडायच्या. प्लास्टिक सगळं गाडीत. ढोरांच्या पोटात ते जातं, हे पोरांना सांगितलं की ती कागदाचा कपटाही सोडत नाहीत.

घरी पोचलं की सगळ्यांच्या आंघोळी लगेच, आणि वावरातले कपडे गरम पाण्यात. काखा, मांड्यांचे सांधे, कानामागे नीट पाहा. 2018 मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफस नावाच्या तापाची साथ आली होती. तो गवतातल्या बारीक किड्यांच्या चावण्याने होतो. पुढच्या दोन आठवड्यांत लेकराला ताप आला किंवा अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना "आम्ही वावरात मुक्कामाला होतो" हे पहिल्याच वाक्यात सांगा.